विहिरीतले थर, कड्यातली वाट (डोंगरवाटा : लेखांक ६)

इंदापूर-बारामतीकडं ज्यानं विहीर खोदताना पाहिली आहे, त्याला सह्याद्रीचा कडा अर्धा वाचता येतो. माती संपली की मुरूम, मग बोटांनी भुगा होणारा मऊ खडक, कुठं तांबड्या मातीचा हातभर पट्टा आणि त्याखाली काळा पाषाण. तो लागला की पहार थांबते आणि सुरुंगाची भाषा सुरू होते. आपल्याकडं जमिनीच्या पोटात असलेले हे थर तिकडं उघड्यावर उभे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. टणक थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजून पदर तयार झाले. लांबून आपले डोंगर जिन्यासारखे दिसतात ते यामुळं.

शिखराची वाट शोधायची म्हणजे एका पदरावरून वरच्या पदरावर कुठून जाता येईल, ते शोधायचं. कडा सगळीकडं सारखा नसतो. एखाद्या ठिकाणी तो खचलेला असतो, कुठं सोंड येऊन त्याला टेकते, कुठं नाळेनं त्याला चिरलेलं असतं. या जागा पायथ्याशी गेल्यावर दिसत नाहीत. तिथून वरचा भाग आखडल्यासारखा भासतो, मधले पदर लपतात. म्हणून पाहणी लांबून आणि शक्यतो बाजूनं करावी. समोरून भिंतीसारखा वाटणारा उतार बाजूनं पाहिला की त्याचा खरा कल कळतो.

राजगडाचंच घ्या. मोरगाव, जेजुरी, सासवड करत कापूरहोळला हायवेवर यायचं आणि नसरापूरहून मार्गासनीकडं वळायचं. मार्गासनीच्या पुढं गाडी थांबवून दहा मिनिटं नुसतं बघत राहावं. माच्यांचा पसारा आणि त्यांच्या मधोमध उठलेला बालेकिल्ला डोळ्यांत साठवावा. पाली दरवाज्याची वाट ऐसपैस आहे, पायऱ्यांची आहे. गुंजवण्याहून चोर दरवाज्यानं पद्मावती माचीवर जाणारी वाट उभ्या चढाची, शेवटी कातळाला हात लावायला लावणारी. डोंगर एकच, पण कुणाला कुठून येऊ द्यायचं हे गड बांधणाऱ्यांनी कातळ पाहून ठरवलं. बालेकिल्ल्याच्या चढावर आज आधाराला रेलिंग आहे. वर जाताना एकदा त्याच्यावरची नजर काढून खोदीव पायऱ्यांकडं बघा. हात कुठं आणि पाय कुठं, याचा विचार त्या दगडात कोरलेला आहे.

जिथं पायऱ्या नाहीत आणि रेलिंगही नाही, तिथं सोंड धरावी की नाळ? आपण कालव्याकाठची माणसं. पाणी जिकडून सहज जातं ती वाट सोपी, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. डोंगरात ते अंगाशी येतं. एकदा उतरताना आम्ही धार सोडून कोरड्या ओढ्यात शिरलो. सावली होती, मोठ्या दगडांच्या पायऱ्या होत्या, पाऊण तास मजेत उतरलो. मग ओढा एकाएकी संपला आणि पुढं दोन मजली उंचीचा सुका धबधबा निघाला. पाणी तिथून उडी मारतं, माणसाला मारता येत नाही. सगळं अंतर परत चढून धारेवर आलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता आणि बाटल्या रिकाम्या होत्या. तेव्हापासून अनोळखी डोंगरावर मी सोंडच धरतो. ती लांबची असते, ऊन लागतं. पण पुढचं दिसत राहतं आणि वरून सुटलेला दगड सहसा तिच्यावर येत नाही. नाळेत तो नेमका तुमच्याकडंच येतो. नाळेच्या तोंडाशी पडलेले धोंडे पाहा. जुना दगड ऊन-पावसानं तांबूस-करडा झालेला असतो. निळसर-काळ्या ताज्या कपारीचे तुकडे दिसले तर वरचा कडा अजून सुटतो आहे.

कातळटप्प्याला भिडल्यावर डोळ्यांपेक्षा हाताचं ऐकावं. पकड धरण्याआधी तिच्यावर तळहातानं थाप मारायची. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तो दगड डोंगरापासून सुटलेला आहे. पोकळ्यांच्या मऊ खडकातले, पांढऱ्या गारगोट्या चिकटलेले उंचवटे हाताला फार छान बसतात आणि तितक्याच सहज निघून हातात येतात. पकड खाली दाबावी, बाहेर ओढू नये. दोन हात, दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवावं. वाळलेल्या गवताच्या झुपक्यावर तर अजिबात विसंबू नये.

नव्या मुलांकडून मी आणखी एक गोष्ट हट्टानं करून घेतो. टप्पा चार-पाच फूट चढायचा आणि तिथूनच परत खाली यायचं. चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात, उतरताना पाय आंधळा असतो. ज्याला एवढं उतरून दाखवता येत नाही, त्यानं वर जायचं नाही, मग बरोबरचे कितीही हाका मारोत. बारामतीहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या पोराला हे सांगणं जिवावर येतं. तरीही सांगतो.

आणि पायथ्याच्या गावात विचारायचं. पण "वाट आहे का?" असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा "आहे" असंच मिळतं, कारण सांगणाऱ्याच्या पायांना ती असतेच. विचारावं, तिथून गुरं जातात का? बाया सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन उतरतात का? फक्त मध काढणारेच जात असतील, तर दोराशिवाय तिकडं फिरकू नये, आणि आग्यामोहोळ असेल तर दोर घेऊनही नको.

मागच्या हिवाळ्यात भोरकडच्या एका डोंगराखाली शेरडं राखणारे एक आजोबा भेटले. "बाबा, ह्या नाळंनं वर जाता येतं का?"

"येतं की."

"गुरं जातात?"

"शेरडं जात्यात. म्हस न्यायची तर त्या सोंडंनं." त्यांनी काठीनं लांबवरची सोंड दाखवली.

बरोबर सहा जण होते, त्यातले दोघं पहिल्यांदाच आलेले. आम्ही म्हशीची वाट धरली. माथ्यावर पोचायला तासभर जास्त लागला. वरून ती नाळ दिसली तेव्हा तिच्या मध्यावर घराएवढा एक धोंडा अडकलेला होता आणि त्याच्या बगलेतून शेरडांची बारीक, पांढरी वाट वर गेलेली होती.