पंचाहत्तर चिन्हांत सोलापूर

ई-मेल संदेशात मुख्य मजकुराच्या आधी शीर्षभाग येतो, ज्यात पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता, दिनांक आणि विषय नोंदवलेले असतात. ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२२ या मानकाने हा भाग आस्की संकेतसंचापुरता मर्यादित ठेवला. १२८ संकेतांच्या त्या संचात रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे आहेत, देवनागरी नाही. जून १९९२ मध्ये कीथ मूर यांनी आरएफसी १३४२ मध्ये त्यातून एक आडवाट काढली आणि नोव्हेंबर १९९६ च्या आरएफसी २०४७ मध्ये ती सुधारित रूपात आली.

या पद्धतीत बिगररोमन मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा आस्की चिन्हांत लिहिला जातो आणि त्याच्या आधी संकेतसंचाचे नाव व रूपांतराची रीत नोंदवली जाते. या सगळ्यासह एका तुकड्याची लांबी ७५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. ‘क्यू’ रीतीत आस्कीबाहेरच्या प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात, तर ‘बी’ रीतीत तीन बाइटांची चार. आज सर्वत्र रुळलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना, वेलांटी किंवा हलन्त तीन बाइटांचा असतो. ‘सोलापूर’ वाचणाऱ्याला चार अक्षरांचे वाटले, तरी संगणकाच्या हिशेबी ते सात संकेतांचे, म्हणजे २१ बाइटांचे आहे. क्यू रीतीने त्याची ६३ चिन्हे होतात आणि संकेतसंच व रीत नोंदवणाऱ्या वेष्टणाची १२ मिळवली, की बरोबर ७५ भरतात. ‘सोलापूरचा’ म्हटले, तर दुसरा तुकडा लागतो. बी रीतीत तेच नाव ४० चिन्हांत आटोपते. क्यू ही मुळात जर्मन किंवा फ्रेंचसारख्या, बहुतांश रोमन अक्षरांच्या मजकुरासाठी योजलेली रीत असल्याने मराठीसाठी ती वापरणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

खरी मेख तुकडे कोठे पडतात, यात आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाचे २०१९ पासूनचे ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ हे नाव मोकळ्या जागांसह १३० बाइटांचे होते आणि बी रीतीच्या एका तुकड्यात जास्तीत जास्त ४५ बाइट मावतात, म्हणून त्याचे किमान तीन तुकडे करावे लागतात. पहिला तुकडा नव्या ओळीवर घेऊन काठोकाठ भरला, तर तो ‘अहिल’ येथे संपतो आणि दुसऱ्याची सुरुवात हलन्ताने होते. मानकाने एक वर्ण दोन तुकड्यांत विभागण्यास मनाई केली आहे, पण तेथे वर्ण म्हणजे एक संकेत. ‘ल्या’ हे जोडाक्षर मध्येच तोडणे नियमाला पूर्णपणे मान्य आहे. लागोपाठच्या तुकड्यांमधील मोकळी जागा वाचताना गाळावी, असा नियम असल्याने चांगल्या प्रोग्राममध्ये अहिल्यादेवींचे नाव पुन्हा सांधले जाते. मात्र ती जागा तशीच ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘अहिल’पुढे फट पडते आणि हलन्त ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. वर्णाची पर्वा न करता बाइट मोजून तुकडे पाडणारा प्रोग्राम याहून वाईट, कारण त्यात एका संकेताचेच दोन भाग होतात आणि पडद्यावर चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही नांदणाऱ्या या शहरात हे संकट एका भाषेचे नाही, कारण त्या दोन्ही लिप्यांचे संकेतही तीन बाइटांचेच आहेत.

रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार बसवणाऱ्या जुन्या फाँटांत टंकलेल्या विषयाला तर ही सोयही लागू नव्हती; शीर्षभागात फाँटची नोंद करता येत नसल्याने त्याची निरर्थक रोमन अक्षरावळच पोचत असे.

तुकड्यांची ही रीत विषयाला आणि पाठवणाऱ्याच्या नावाला चालते, प्रत्यक्ष पत्त्याला नाही. फेब्रुवारी २०१२ मधील आरएफसी ६५३२ ने शीर्षभागात यूटीएफ-८ थेट लिहिण्यास मुभा दिली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ डोमेन नावांची नोंदणी सुरू झाल्याने मराठी पत्त्याची वाटही दिसू लागली. मात्र या पद्धतीचा संदेश स्वीकारण्याची क्षमता मार्गातील प्रत्येक सर्व्हरमध्ये असावी लागते. एखाद्यात ती नसेल, तर संदेश परत येतो. म्हणून पत्ता रोमन आणि विषय मराठी असेल, तेव्हा प्रोग्राम आजही बहुधा १९९२ चीच तुकड्यांची रीत वापरतात.