मोटारसायकलीची उष्णता आणि सदोष वाहनांचे परत बोलावणे

बंगळूर शहरातून होसूरकडे जाणाऱ्या मार्गावर सिल्क बोर्डाचा प्रसिद्ध चौक लागतो. सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या वेळी आणि सायंकाळी त्या सुटण्याच्या वेळी येथे हजारो वाहने एकमेकांना खेटून उभी असतात. २०२२ साली जगातील अनेक शहरांच्या वाहतुकीची जी पाहणी झाली, तीत बंगळूरच्या मध्यभागात १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागतात, असे आढळून आले. या गर्दीत उभ्या असलेल्या मोटारसायकलस्वाराच्या पोटऱ्यांना एंजिनाची धग लागत असते. तो कंटाळून घड्याळाकडे पाहतो. परंतु त्याच क्षणी त्याच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये एक महत्त्वाचा प्रश्न उभा असतो. एंजिनात निर्माण झालेली उष्णता आता जाणार कोठे?

उष्णता आणि तिचे मार्ग

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान एंजिनात इंधनाच्या एकंदर शक्तीपैकी सुमारे एक चतुर्थांश भागच चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या शक्तीपैकी मोठा हिस्सा धुराबरोबर धुराड्यातून निघून जातो व दुसरा मोठा हिस्सा सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील वायूंचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ज्या ॲल्युमिनियमचा दट्ट्या या वायूंच्या खाली वर होत असतो, ते शुद्ध स्वरूपात ६६० अंशांवर वितळते. धातू वितळत नाही याचे कारण एवढेच की, प्रत्येक स्फोट अत्यंत अल्पकाळ टिकतो आणि भिंतींत शिरलेली उष्णता सतत बाहेर काढून टाकली जाते. हे काढून टाकण्याचे काम थांबले, तर काही मिनिटांतच वंगणाचा पातळ थर तुटतो, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरात घट्ट अडकून बसतो. धावत्या वाहनात असे घडले म्हणजे मागचे चाक एकाएकी जखडले जाऊन स्वार रस्त्यावर फेकला जाण्याचा संभव असतो. म्हणून शीतन ही केवळ एंजिनाच्या आयुष्याची बाब नसून स्वाराच्या प्राणाशी निगडित असलेली बाब आहे.

उष्णता बाहेर काढण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे वारा. जुन्या मोटारसायकलींच्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पात्यांच्या ओळी दिसतात. त्यांच्यामुळे हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो व धावताना समोरून येणारा वारा उष्णता घेऊन जातो. या रचनेत बिघडण्यासारखे फारसे काही नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु वाहन उभे राहिले की वारा थांबतो, हा तिचा दोष. बंगळूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते व तेवढ्या प्रमाणात ती उष्णताही कमी वाहून नेते. हवा थंड असल्याचा लाभ मिळतो खरा. पण विरळपणामुळे त्यातील काही भाग वजा होतो.

अधिक शक्तीच्या एंजिनांना वाऱ्याचे शीतन पुरत नाही. तेथे द्रवाचे साहाय्य घेतले जाते. सारख्याच आकारमानाचे पाणी आणि हवा घेऊन दोहोंचे तापमान १ अंशाने वाढविले, तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात सामावून घेते. सिलिंडरभोवती पोकळी ठेवून तीतून एका लहान पंपाने हा द्रव फिरविला जातो. तापलेला द्रव पुढील बाजूस असलेल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातो, तेथे निवतो आणि पुन्हा एंजिनाकडे परततो. एंजिन थंड असताना हा प्रवाह रोखून धरणारी व ते तापल्यावर आपोआप उघडणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट होय. वाहन गर्दीत उभे असेल, तर विजेचा पंखा रेडिएटरवर वारा घालतो.

बंगळूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांवर नव्हे, तर सुमारे ९७ अंशांवर उकळते. द्रव उकळून त्याची वाफ झाली की उष्णता नेण्याची त्याची पात्रता पुष्कळच कमी होते. हे टाळण्यासाठी द्रवात ग्लायकॉल मिसळतात व रेडिएटरला दाब धरून ठेवणारे झाकण बसवितात. घरातील प्रेशर कुकरचे तत्त्वच येथे उपयोगात आणलेले असते. या दाबामुळे उकळण्याचा बिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या एंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, असे जे सांगतात त्याचे कारण हेच. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि द्रव क्षणार्धात उसळून उघडणाऱ्याचे हात व तोंड भाजून काढतो.

झीज आणि दोष

शीतनाच्या या साखळीतील प्रत्येक कडी कधी ना कधी निकामी होऊ शकते. रबरी नळीला चीर पडते, पंपाची बंदी गळू लागते, थर्मोस्टॅट बंद अवस्थेतच अडकतो, पंख्याची तार तुटते. गळलेला द्रव मागच्या टायरवर पडला, तर वळणावर चाक घसरते. तो वंगणात मिसळला, तर वंगण दुधाळ होऊन निरुपयोगी ठरते. परंतु यांपैकी प्रत्येक बिघाडाविषयी एक प्रश्न विचारला पाहिजे. तो वाहन वापरल्यामुळे झाला, की वाहन कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाच त्याच्या पोटात होता?

दहा वर्षे वापरलेली नळी फुटली, तर ती झीज होय. तिचा उपाय मालकाने वेळेवर देखभाल करणे हा आहे. पण एकाच खेपेत ओतलेल्या शेकडो सिलिंडरांच्या धातूत सूक्ष्म छिद्रे राहिली असतील, किंवा पुरवठादाराने दिलेल्या सुट्या भागांची एक संपूर्ण खेपच कच्ची असेल, तर तो दोष होय. अशा दोषापुढे सावध मालकही हतबल असतो. कारण त्याच्या हाती एकच वाहन असते आणि एका वाहनावरून दोषाचे स्वरूप ओळखता येत नाही. नागपुरातील एका मालकाला आपले नशीब वाईट वाटते, कोल्हापुरातील दुसऱ्याला आपला मिस्त्री अडाणी वाटतो. दोघांच्या वाहनांत एकाच खेपेचा भाग आहे, हे ज्याच्याजवळ सर्व वाहनांची नोंद आहे तोच ओळखू शकतो. तो म्हणजे निर्माता. येथूनच वाहने परत बोलावण्याच्या प्रथेचा उगम होतो.

प्रथेपासून कायद्यापर्यंत

अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सदोष रचनेवर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढील वर्षी, म्हणजे १९६६ साली, तेथे वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि दोष आढळल्यास तो मालकांना कळविणे हे निर्मात्याचे कर्तव्य ठरले. भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळावयाची एक संहिता स्वीकारली. त्यानंतर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. वाहनाची किंमत परत करणे, ते बदलून देणे किंवा दुरुस्त करून देणे, असे मार्ग त्या कायद्याने निर्मात्यापुढे ठेवले. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना ते लागू होतात.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात चेन्नईच्या रॉयल एनफील्ड कंपनीने २,३६,९६६ मोटारसायकली तपासणीसाठी परत बोलावल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या अवधीत तयार झालेल्या बुलेट, क्लासिक व मीटिअर या ३५० वर्गातील त्या गाड्या होत्या. ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलच्या काही खेपांत दोष असल्याचे कंपनीच्या नेहमीच्या अंतर्गत चाचण्यांत दिसून आले होते. या दोषामुळे एंजिन अडखळत चालणे, त्याची कार्यक्षमता घटणे आणि क्वचित प्रसंगी विजेचे शॉर्टसर्किट होणे संभवत होते. बोलावलेल्या गाड्यांपैकी १० टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. कोणी विचारील की, दहांपैकी नऊ गाड्या निर्दोष असताना सर्वांना बोलावण्याचे प्रयोजन काय? उत्तर सरळ आहे. दहावी गाडी कोणाची, हे तपासल्याखेरीज कळत नाही.

नवे वाहन, जुना प्रश्न

विजेवर चालणारी दुचाकी वाहने आली, तेव्हा एंजिनाबरोबर उष्णतेचा प्रश्नही गेला, असा पुष्कळांचा समज झाला. ही वाहने बनविणाऱ्या अनेक कंपन्यांची कार्यालये बंगळूर शहरात आहेत आणि त्यांच्या अनुभवाने हा समज खोटा ठरविला. लिथियम-आयन घटात ज्वाला नसते. परंतु विद्युत्प्रवाह वाहताना त्यात उष्णता निर्माण होतेच. घटाचे तापमान सुमारे ८० ते ९० अंशांपुढे गेले, तर आतील पातळ संरक्षक थर मोडू लागतो व ती क्रिया स्वतःच अधिक उष्णता निर्माण करते. सुमारे १३० अंशांवर दोन विद्युदग्रांना अलग ठेवणारा पॉलिएथिलिनचा पडदा वितळतो आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होते. मग उष्णता उष्णतेला जन्म देते आणि एका घटाची आग शेजारच्या घटात शिरते. एंजिन तापल्यावर किल्ली फिरवून ते बंद करता येते. घटांमधील हा उद्रेक एकदा सुरू झाला म्हणजे त्याला किल्ली नसते.

मार्च २०२२ च्या अखेरीस तमिळनाडूतील वेल्लूर येथे रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली आणि धुराने गुदमरून पिता व कन्या मृत्यू पावली. २६ मार्च रोजी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओला कंपनीच्या स्कूटरने पेट घेतला. सुदैवाने तेथे कोणासही इजा झाली नाही. बंगळूरस्थित या कंपनीने एप्रिलमध्ये, ही घटना एकाकी असल्याचे सांगत, त्याच खेपेतील १,४४१ स्कूटर परत बोलावल्या आणि त्यांच्या विद्युत्घटांची, उष्णतानियंत्रणाची व सुरक्षाव्यवस्थेची तपासणी करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात ओकिनावा या कंपनीने आपल्या ३,२१५ स्कूटर परत बोलावल्या.

या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली व विद्युत्घटसंचांविषयीचे ‘एआयएस १५६’ हे मानक अधिक कडक केले. सुधारणांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ रोजी व दुसरा ३१ मार्च २०२३ रोजी अमलात आला. एका घटात शॉर्टसर्किट झाले तरी आग संपूर्ण संचात पसरू नये, याची चाचणी त्यात समाविष्ट आहे. अशा मानकांच्या समितीचे कामकाज ज्या संस्थेकडून चालते, ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली असून पुण्यात कोथरूडलगतच्या टेकडीवर आहे. रस्त्यावर जळालेल्या एका वाहनापासून प्रयोगशाळेतील चाचणीपर्यंतचा हा प्रवास अशा रीतीने पूर्ण होतो.

मालकाचा वाटा

आपल्याकडे वाहन परत बोलावले गेले म्हणजे कंपनीची अब्रू गेली, असे मानण्याची रीत आहे. त्यामुळे निर्माते दोष झाकण्याच्या मोहात पडतात आणि मालकही आलेले पत्र बाजूला ठेवतात. वस्तुतः लाखो वाहने बनविणाऱ्या कोणत्याही कारखान्यात केव्हातरी एखादी खेप सदोष निघणारच. लाजिरवाणी गोष्ट दोष निघणे ही नव्हे. तो माहीत असून लपविणे ही होय. रेडिएटरच्या झाकणात जादा दाब सोडून देणारी झडप असते. ती उघडते तेव्हा फुसफुस होते. पण रेडिएटर फुटण्यापासून वाचतो. परत बोलावण्याची प्रथा ही समाजाची तशीच झडप आहे.

ही झडप उपयोगी पडावी यासाठी मालकाचेही सहकार्य आवश्यक असते. प्रत्येक वाहनाच्या सांगाड्यावर १७ अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो व तो नोंदणीपुस्तकातही लिहिलेला असतो. या क्रमांकावरूनच वाहन कोणत्या खेपेतील आहे हे ठरते. जुने वाहन विकत घेणाऱ्याने नोंदणी आपल्या नावे करून घेतली नाही, तर कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या दारी जाते आणि धोका मात्र दुसऱ्याच्या घरी राहतो. पत्ता व दूरध्वनी बदलल्यास तो कळविणे, बोलावणे आले असता वाहन विनाविलंब तपासणीस नेणे आणि वारंवार एंजिन तापणे, द्रव गळणे किंवा घटसंच फुगणे अशी लक्षणे दिसताच लेखी तक्रार नोंदविणे, ही कामे फार कष्टाची नाहीत. पुरेशा तक्रारी एकत्र आल्या, म्हणजेच एकेका मालकाचे नशीब वाटणारी गोष्ट सर्वांचा दोष म्हणून ओळखू येते.

सिल्क बोर्डाच्या चौकात दिवा हिरवा होतो, वाहने हलतात आणि सिलिंडरांच्या पात्यांतून पुन्हा वारा वाहू लागतो. साठलेल्या उष्णतेला तिची वाट मिळते. दडून राहिलेल्या दोषालाही तशी वाट हवी असते, आणि ती वाट निर्मात्याच्या नोंदवहीतून व मालकाच्या तक्रारीतून जाते.