घटस्फोटासाठी वकील निवडताना

गणपतीपुळ्याला माहेरी परतलेल्या लेकीला हमखास सांगितलं जातं, "नवरा मुंबईला, म्हणजे केस वांद्र्यालाच." तसं नाही. हिंदू विवाह कायद्यातल्या २००३च्या दुरुस्तीमुळे पत्नी राहते तिथेही, म्हणजे रत्नागिरीच्या न्यायालयात, अर्ज करता येतो. पहिल्या भेटीतच हे समजावून सांगणारा वकील मला भरवशाचा वाटतो.

"दोन महिन्यांत मोकळी करतो" म्हणणाऱ्यापासून मात्र जपून राहा. परस्परसंमतीलाही आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. पण ते न्यायाधीशांच्या हाती, वकिलाच्या नव्हे. पोटगीत टक्केवारी मागणं तर वकिलांच्या आचारनियमांतच बसत नाही.

वकीलपत्र वाचून सही करा, कोऱ्या कागदावर कधीच नको. लग्नपत्रिका, फोटो, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती घरच्या ट्रंकेत ठेवा. दिलेल्या पैशांची पावती घ्या.

आणि फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.