अपराधाची टोचणी येते कोठून?

न्यायालयात अपराध सिद्ध व्हावा लागतो; मनाच्या न्यायासनापुढे तसे नसते. तेथे पुराव्याची वाट न पाहताच शिक्षा सुरू होते. दुसऱ्याचा संसार बुडवून सुखाने झोपणारी माणसे आपण पाहतो. आणि आईच्या अखेरच्या घटकेस पोचता आले नाही, एवढ्यासाठी वर्षानुवर्षे झुरणारीही पाहतो. कृत्य आणि टोचणी यांचे माप जुळत नाही. मग ही टोचणी येते तरी कोठून?

प्रश्न फार जुना आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ ऋषी वरुणाला विचारतात, ‘तुझे स्तवन करणाऱ्या मित्रावर तू कोपावेस, असा माझा अपराध तरी कोणता?’ अपराधाचे नाव त्यांना ठाऊक नाही; वरुणाशी असलेला स्नेह तुटला, हे मात्र जाणवते. पूर्वजांकडून आलेल्या आणि आपल्या हातून घडलेल्या, अशा दोन्ही दोषांतून ते सुटका मागतात. हे मी इच्छेने केले नाही; मद्य, क्रोध, फासे आणि अविचार यांनी घडविले, असे सांगून ते म्हणतात की, निद्रासुद्धा माणसाला असत्यापासून वाचवीत नाही.

बायबलातील आदाम आणि एवा यांची कथाही मराठीला नवी नाही. फादर स्टीफन्स यांनी ती ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीबद्ध केली आणि तो ग्रंथ १६१६ साली गोव्यात छापला गेला. निषिद्ध फळ खाल्ल्यावर ती दोघे देवापासून लपतात. शिक्षा अजून झालेली नाही, तरी नजरेला नजर देण्याचे धैर्य गेलेले आहे.

व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड यांनी हाच प्रश्न देवाला वगळून विचारला. १९१३ मधील ‘टोटेम आणि टाबू’ या ग्रंथात त्यांनी अशी कल्पना मांडली की, आदिम टोळीतील पुत्रांनी जुलमी पित्याला ठार केले. द्वेष शमल्यावर त्याच्याविषयीचे प्रेम उफाळून आले आणि त्यातून अपराधभाव जन्मला. इतिहास म्हणून ही कथा मानववंशशास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही. परंतु १९२३ आणि १९३० मधील त्यांच्या ग्रंथांत आलेला विचार अधिक टिकाऊ ठरला. मूल आरंभी आईबापांचे प्रेम गमावण्याला भिते. पुढे त्यांचा अधिकार त्याच्या मनातच ठाण मांडतो. या अंतःस्थ न्यायाधीशाला ‘पराहम्’ म्हणतात. आईबापांपासून कृत्य लपविता येते. याच्यापासून साधी इच्छाही लपत नाही. म्हणून निर्दोष माणूसही दोषी असल्यासारखा तळमळतो. जो अधिक सदाचारी, त्याचा हा न्यायाधीश अधिक कठोर, असेही फ्रॉइड यांनी नोंदविले.

धर्मग्रंथ दोष गृहीत धरून मुक्ती शोधतात. मनोविश्लेषण, दोष खरोखर आहे काय, हेच आधी तपासते. मतभेद मोठा आहे. तरीही एका ठिकाणी दोन्ही वाटा मिळतात. वरुण असो, बायबलातील देव असो की जन्मदाता पिता असो, टोचणीच्या मुळाशी स्नेहाचे नाते आहे. जेथे नाते नाही, तेथे शिक्षेचे भय असेल, टोचणी नसते.

तुकोबांचे उदाहरण पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात द्रव्य गेले, मान गेला, एक पत्नी अन्नासाठी आक्रोश करीत मेली, आणि आपल्याला जिवाची लाज वाटू लागली, असे ते आत्मचरित्रपर अभंगात सांगतात. पाऊस त्यांनी अडविला नव्हता. तरी ज्या माणसाकडे ती अन्न मागत होती, तो माणूस आपणच, हे त्यांना विसरता आले नाही. पुढे ऋणकोंच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. त्यांच्या हेतूचा निवाडा आपण करू नये. पण एवढे दिसते की, त्या दुःखानंतर त्यांनी स्वतःस शिक्षा करून घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरविले.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप बोलून दाखविणे आणि अनुताप यांना प्रायश्चित्तात स्थान आहे. आणि मनाला हलकेपणा वाटेपर्यंत तप करावे, असेही म्हटले आहे. ही मर्यादा मोलाची आहे. प्रायश्चित्ताला शेवट असावा, हे त्यात गृहीत आहे. मनोविश्लेषणाच्या पुढच्या पिढीतील मेलनी क्लाइन यांनीही, दुखावलेल्याचे नुकसान भरून काढण्याची ओढ ही अपराधभावाची निकोप बाजू मानली.

तेव्हा टोचणी लागली की स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या हातून खरोखर कोणाचे काय बिघडले? आणि त्यातले आज काय भरून देता येईल? उत्तर सापडले, तर उठून ते काम करावे. पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती टोचणी म्हणजे आपल्या प्रेमाचे दुःख आहे, असे समजावे. गुन्हेगाराची शिक्षा त्या दुःखाला देऊ नये. आपल्या विश्वासातल्या माणसापाशी ते बोलून दाखवावे.