ॲपच्या पोटातला ब्राउझर

बऱ्याच ॲपमध्ये लिंक दाबली की पेज तिथेच उघडतं, क्रोमपर्यंत जातच नाही. हे काम 'वेबव्ह्यू' करतो. पेजवरचा प्रत्येक फोटो, स्क्रिप्ट, जाहिरात आणायला वेगळी रिक्वेस्ट जाते. अँड्रॉइडवर ती जाण्याआधी वेबव्ह्यू ॲपला विचारू शकतो, हिचं काय करू? ॲपने 'नल' परत दिलं तर रिक्वेस्ट नेहमीसारखी पुढे जाते. रिकामं उत्तर दिलं तर ती तिथेच संपली.

आजोबांना बातम्या वाचता याव्यात म्हणून मी असंच एक छोटं ॲप बनवलं. नियम सोपा ठेवला: पत्त्यात इंग्रजी 'ए-डी-एस' ही अक्षरं दिसली की ब्लॉक. जाहिराती गेल्या, पण बातम्यांचे फोटोही गायब! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, वर्डप्रेसच्या साइटवर फोटो 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतात, आणि त्या शब्दाच्या शेवटी नेमकी हीच तीन अक्षरं. मग अक्षरं शोधणं सोडलं आणि जाहिरातवाल्या डोमेनची यादीच तपासायला लागलो. फोटो परत आले, आजोबा खूश.

पण जे मला जमलं, ते कुठल्याही ॲपला जमतं. शिवाय पेजमध्ये स्वतःची जावास्क्रिप्ट घुसवून ते तुम्ही टाइप केलेला पासवर्डही वाचू शकतं. गुगलने २०२१ मध्ये वेबव्ह्यूतून गुगल लॉगिन करणं बंद केलं, ते अशाच धोक्यामुळे. बँकेचं पेज असं उघडलं, तर मेन्यूत 'ब्राउझरमध्ये उघडा' असा पर्याय शोधा. नाही सापडला, तर पत्ता सरळ क्रोममध्ये टाइप करा.