आज्ञा कोणाची, जबाबदारी कोणाची?

पूल कोसळला म्हणजे तो कोणीं बांधला, याची चौकशी लागलीच सुरू होते. मोटारीच्या पोटांतील संगणकाला खोटें बोलावयास कोणीं शिकविलें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें फोक्सवॅगन या जर्मन कंपनीवर जो आरोप ठेवला, त्याची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

मोटारीच्या धुराची परीक्षा प्रयोगशाळेंत होते. गाडी रुळांवर उभी करतात. चाकें फिरतात, पण गाडी जागची हलत नाहीं आणि स्टीअरिंगही वळत नाहीं. रस्त्यावर अशी मोटार कोण चालवितो? स्टीअरिंगची स्थिति, वेग, हवेचा दाब, इंजिन किती वेळ चालू आहे, एवढ्यावरून आपली परीक्षा चालली आहे हें गाडींतील सॉफ्टवेअर ओळखीत असे. मग धूर शुद्ध करण्याची योजना पूर्ण जोमानें चाले. गाडी रस्त्यास लागली कीं ती मंदावे, आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें कायद्याच्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत. दिपोटीसाहेब येणार त्या दिवशीं भिंतींना चुना फासणाऱ्या शाळेची येथें आठवण होते! जगभर अशा सुमारें १ कोटी १० लाख गाड्या होत्या. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें चांचण्या घेतल्यावर, त्याच वर्षींच्या डिसेंबरांत, सुमारें ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलाविण्याचें कंपनीनें जाहीर केलें.

आतां हें पाप कोणाचें? कंपनीच्या अमेरिकेंतील प्रमुखांनीं ऑक्टोबर २०१५ मध्यें तेथील लोकप्रतिनिधींपुढें साक्ष देतांना दोघांतिघा सॉफ्टवेअर अभियंत्यांकडे बोट दाखविलें. परंतु असें सॉफ्टवेअर दोघांतिघांचें नसतें. एक जण खुणा ओळखण्याचा भाग लिहितो, दुसरा आंकडे बसवितो, तिसरा तपासतो, चौथा सही करतो; आणि प्रत्येकाला आपला तुकडा निर्दोषच वाटतो.

या धंद्याला नीतिनियम नाहींत असें नव्हे. असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी व आय-ट्रिपल-ई कंप्युटर सोसायटी या संस्थांनीं १९९९ सालीं आठ तत्त्वांची संहिता मान्य केली; तिचें पहिलें तत्त्व लोकहिताचें, मालकाच्या हिताचें त्याच्यानंतर. पण नियम मोडणाऱ्या डॉक्टराचें नांव नोंदवहींतून काढतां येतें. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यास बहुधा अशी नोंदवहीच नसते. म्हणून एकट्यानें नकार दिला तर काम शेजारच्या मेजावर जातें, आणि नकार देणाऱ्याची मात्र नोकरी जाते. संहितेचा खरा उपयोग शेजाऱ्यानेंही तेंच उत्तर द्यावें यासाठीं आहे, असें मला वाटतें.

कंपनीनें २०१७ च्या प्रारंभीं अमेरिकेंत गुन्हा कबूल केला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तेथील न्यायालयानें एका अभियंत्यास ४० महिन्यांची व डिसेंबरांत एका अधिकाऱ्यास ७ वर्षांची शिक्षा दिली. जर्मनींत ब्राउनश्वाइगच्या न्यायालयानें आणखी चौघांना दोषी ठरविलें तें मे २०२५ मध्यें. तोंवर आरोपास जवळजवळ दहा वर्षें लोटलीं होतीं.