खुबा नवा बसला, झोप मात्र उडाली

म्हातारपणी खुबा मोडला म्हणजे माणूस कायमचा बाजेला लागला, असे आपल्या वऱ्हाडात पूर्वी धरूनच चालत. आता तशी स्थिती राहिलेली नाही. इंग्लंडमधील जॉन चार्नली या शल्यविशारदांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी वापरून खुब्याचा सांधा बदलण्याची पद्धत रुळविली. आज अमरावती, अकोला, नागपूर येथे ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. आपल्या रुग्णाची शस्त्रक्रिया योजनेत बसते किंवा कसे, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

पडून हाड मोडणे हे एकच कारण नाही. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून झिजतो, आणि हे चाळिशीच्या आतही होते. अति दारू, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे आणि आपल्या विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल ही त्याची मोठी कारणे आहेत. म्हणजे हा केवळ म्हाताऱ्यांचा विषय नव्हे, कर्त्या माणसाचाही आहे.

शस्त्रक्रियेबद्दल गावात सगळेच बोलतात. खर्च किती आला, टाके किती पडले, कितव्या दिवशी उभे केले, सगळे सांगतात. घरी आल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मी कृषी विस्ताराचे काम करणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण पीक पाहणीसाठी घरोघरी बसावे लागते आणि गोष्ट बोंडअळीवरून निघून दुखण्यावर येते. बडनेऱ्याजवळच्या एका गावातील साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याने मला सांगितले, "साहेब, पाय तं बरा हाय. पन झोपच येत नाई. रातभर पडल्या पडल्या गाड्या मोजतो. ही नागपूरकडे गेली, ही भुसावळकडे गेली." बडनेरा जंक्शन असल्याने गाड्यांना रात्र नाही, हे खरेच. पण या गृहस्थांचा जन्म त्याच आवाजात गेलेला. गाडीमुळे त्यांची झोप जात नव्हती.

त्यांच्या घरच्या बाईंची तक्रार वेगळी होती. "हे दिवसभर झोपतात अन् रातीले आम्हाले उठवतात." मुलाचे म्हणणे असे, की डॉक्टरांनी चालायला सांगितले तरी बाबा आंगणात दोन चकरा मारून बसतात, मनच नाही लावत. आणि म्हातारबा मनात म्हणत होते, की आपण आता कामातून गेलो. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. पण या घरात कोणालाच हे माहीत नव्हते, की एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर थकवा येणे आणि झोप मोडणे हा बरे होण्याचाच भाग आहे. तो आळस नाही, आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रिया बिघडल्याचे लक्षणही नाही.

असे का होते, ते पाहू. शस्त्रक्रियेत रक्त जाते, काही रक्त मांसातही झिरपते, त्यामुळे पहिल्या दिवसांत हिमोग्लोबिन उतरते. ते भरून यायला काही आठवडे लागतात. ज्याचे आधीच कमी होते, त्याला जास्त. बाहेरची जखम दोन-तीन आठवड्यांत सुकते, पण आतले स्नायू आणि हाड यांचे काम पुढे कित्येक महिने चालू असते. संत्र्याचा डोळा आपण जंबेरीच्या खुंटावर बांधतो, वरची पट्टी सुटली म्हणजे कलम पक्के झाले असे कोणी समजत नाही. तसेच हे. सिमेंट न लावता बसविलेल्या सांध्यात तर हाडाला धातूच्या खरबरीत पृष्ठभागात अक्षरशः वाढून चिकटावे लागते. ही सारी मजुरी शरीर आतल्या आत करते, म्हणून माणूस काहीही न करता थकतो.

झोपेचे कारण आणखी सरळ आहे. आपला शेतकरी जन्मभर कुशीवर झोपलेला. त्याला एकदम उताणे, दोन पायांत उशी घालून निजायला सांगितले जाते. कूस बदलता येत नाही. हात-पाय थंडावले, घर निजले, की दुखणे जास्त जाणवते. ट्रॅमाडॉलसारख्या काही वेदनाशामक गोळ्यांनी दिवसा गुंगी येते आणि रात्रीची झोप तुटक होते. दिवसा डोळा लागला की रात्र कोरडी जाते, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिले काही आठवडे हा त्रास जास्त असतो. बहुतेकांची झोप दीड ते तीन महिन्यांत रुळावर येते. पूर्वीची ताकद यायला मात्र सहा महिने ते वर्षही लागते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे, जी शहरातल्या रुग्णाला नसते. ज्याने वीस-तीस वर्षे हरभऱ्यात रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी जागल केली, रात्रीच्या लाईनीवर उठून मोटर सुरू केली, त्याचे शरीर रात्री दोनला आपोआप जागे होते. बांधावर असताना त्याला काम होते, आता नुसते आढे पाहत पडायचे.

झोपण्याची व्यवस्था

प्रथम बाज बाजूला काढा. सुतळीची असो की निवारीची, ती मध्ये खोलगट होते आणि उठताना गुडघे खुब्याच्या वर जातात. नव्या सांध्याला ते धोक्याचे आहे. लाकडी तख्त किंवा दिवाण घ्यावा, वर घट्ट गादी, आणि उंची इतकी की बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहील. उंची कमी पडत असेल तर सुताराकडून पायांना जोड लावून घ्यावा. विटांवर खाट चढवू नये, रात्री हलते. खाली बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे हे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. कुशीवर कधी निजायचे, हेही त्यांनाच विचारावे. शस्त्रक्रिया पुढून झाली की मागून, यावर ते अवलंबून असते. परवानगी मिळाली की चांगल्या बाजूच्या कुशीवर, दोन गुडघ्यांत जाड उशी घालून निजता येते. अनेकांना त्या दिवशी पहिली खरी झोप लागते.

रात्री लघवीला उठावेच लागते. वॉकर हाताशी, झिरो बल्ब चालू, वाटेत गोधडी नाही, कूलरचे पाणी सांडलेले नाही, एवढे घरच्यांनी निजण्यापूर्वी पाहावे. कमोडची खुर्ची बाजारात मिळते, ती खोलीतच ठेवावी. लाजण्यासारखे त्यात काही नाही. पाणी दिवसा भरपूर प्यावे, संध्याकाळनंतर कमी.

वेदनेची रात्रीची गोळी कोणत्या वेळेला घ्यावी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. निजण्याच्या थोडी आधी घेतली तर पहिला प्रहर बरा जातो. पण मेडिकलवरून आपल्या मनाने झोपेची गोळी आणू नका. वेदनेच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो, आणि गुंगीत उठून पडले तर सगळेच मुसळ केरात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना शेजाऱ्याने दिलेली दुखण्याची गोळीही घेऊ नये, पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते.

खर्ऱ्याबद्दल लिहिले तर अनेकांना राग येईल. तरी लिहितो. तंबाखूने झोप उडते आणि जखम व हाड भरायलाही वेळ लागतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्री टक्क जाग येते. ज्याचा खुबा दारूनेच गेला, त्याला तर दुसऱ्या बाजूचाही विचार करायला हवा.

दिवस कसा काढावा

पहिले दोन आठवडे शरीर मागेल तेव्हा झोपू द्यावे. त्यानंतर दुपारी एकदाच, अर्धा-पाऊण तास, आणि तीनच्या आत. सकाळी आंगणात कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसावे, त्याने शरीराला दिवस-रात्र कळते. चालणे एकदम न करता थोडे थोडे, चार-पाच वेळा. आपल्या विहिरींचेच पाहा ना. झरा आहे तेवढेच पाणी उपसले तर रोज ओलीत होते, एका दमात उपसली की मोटर हवा ओढते आणि दुसरा दिवसही कोरडा जातो. ज्या दिवशी बरे वाटते त्याच दिवशी माणूस जास्त चालतो आणि पुढचे दोन दिवस बाजेला खिळतो, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली. बरे वाटेल त्या दिवशीही ठरलेलेच चालावे.

आहाराबद्दल वेगळे काही विकत आणण्याची गरज नाही. तुरीची डाळ, हरभरा, चवळी, पालेभाजी, ज्वारीची भाकर, चालत असेल त्याला अंडी आणि मटण. वर लिंबू पिळावे किंवा जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी खाव्यात, भाजी-डाळीतले लोह त्यामुळे अंगी लागते. मोर्शी-वरूडचे संत्रे आपण दिल्ली-कोलकात्याला पाठवतो आणि घरच्या रुग्णाला बिस्कीट देतो, याचे नवल वाटते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र हेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्यावा, आणि दुपारी चारनंतर नको. लोहाच्या गोळ्यांनी आणि वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेही झोप मोडते. डॉक्टरांना सांगावे.

भेटायला येणारे हा एक स्वतंत्रच विषय आहे. खेड्यात माणूस दवाखान्यातून आला की सकाळपासून रीघ लागते. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळे सांगायचे, प्रत्येकासोबत चहा. येणारा मायेने येतो, त्याला नाही म्हणवत नाही. तरी घरच्या एखाद्या खमक्या माणसाने संध्याकाळची एक वेळ ठरवून द्यावी.

बाईमाणसाचे हाल यापेक्षा वेगळे असतात. पुरुष आजारी असला की घर त्याच्याभोवती फिरते. बाई वॉकर धरून उभी राहिली, की चुलीपाशी उभी राहू शकते असा अर्थ काढला जातो. सुनेला वावरात जायचे असते, म्हणून सासू दीड महिन्यात भाकरी थापायला लागते. तिचा थकवा कोणी मोजत नाही, तीही सांगत नाही. या घरांत पुरुषांनी तवा हाती घेतला तर काही बिघडत नाही.

हंगामाचे काय?

रात्री दोनला डोळा उघडला की डोक्यात येते ते हेच. पेरणी कोण करेल, बँकेचे काय होईल. हा भाग माझ्या कामाचा, म्हणून ठासून सांगतो. शस्त्रक्रिया पुढे-मागे करण्यासारखी असेल, तर हंगामाचा बंदोबस्त आधी करा. वेचणी आटोपून फेब्रुवारी-मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, तर मृगापर्यंत तीन महिने मिळतात. पण त्या वर्षीचा मृग बांधावर खुर्ची टाकून पाहण्याचाच समजावा. कपाशीला टोबणी, खांडण्या भरणे, डवरणी, निंदण, फवारणी आणि पुढे तीन-चार वेचे. माणूस सतत लागतो. त्या एका वर्षी कपाशीचा पेरा कमी करून ट्रॅक्टरने सोयाबीन-तूर पेरून घ्यावी, किंवा वावर बटईने अथवा मक्त्याने द्यावे. उत्पन्न थोडे कमी येईल, झोप येईल. फवारणीचा भरलेला पंप तर पाठीला लावूच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. थकलेल्या, झोप न झालेल्या माणसाचे हे काम नव्हे.

एका गावात असे घडले. शस्त्रक्रियेला सव्वा महिना झालेला, हरभऱ्याला पाणी द्यायचे, लाईन रात्रीची. झोप तशीही येत नाही म्हणून गृहस्थ वॉकर घरी ठेवून काठीवर वावरात गेले. पाटाच्या चिखलात पाय घसरला, नवा सांधा निखळला. पुन्हा दवाखाना, पुन्हा भूल, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. हरभरा शेवटी शेजाऱ्यानेच ओलला. तो आधीही तयार होता, त्याला विचारले नव्हते एवढेच.

आता थोडे धोक्याचे. थकवा दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छाती धडधडत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. सिकलसेलच्या रुग्णाने यात एक दिवसही दवडू नये. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, अचानक पाय आखूड वाटणे किंवा टेकवताच न येणे यांसाठी लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. पोटरी सुजून दुखत असेल तरी तसेच. दम लागून छातीत दुखले, तर १०८ ला फोन करावा. तिथे सकाळची वाट पाहू नये.

मन उदास राहणे, कशात लक्ष न लागणे, जगून काय उपयोग असे बोलणे, हेही या काळात होते. आपल्या जिल्ह्याने शेतकऱ्यांचे बरेच काही पाहिले आहे, तेव्हा असे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीही मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

वर सांगितलेल्या गृहस्थांच्या घरी मी एक वही ठेवायला सांगितली, जशी आपण पिकाच्या खर्चाची ठेवतो तशी. रात्री किती वाजता निजले, किती वेळा उठले, गोळी कधी घेतली, दिवसा किती चकरा झाल्या. नातीने लिहिले. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी ती वही पाहून रात्रीच्या गोळीची वेळ बदलली आणि एक गोळी बंद केली. म्हातारबा अजून पहाटे उठतात, पण मधल्या गाड्या आता त्यांना ऐकू येत नाहीत. सोयाबीन मुलाने पेरले. तास वाकडे गेले, असे त्यांचे म्हणणे आहे.